फेटरीपर्यंतची गाडी

आमच्या घरी मोटार आली तेव्हा गल्लीतल्या बायका मला म्हणाल्या, "आता काय बाप्पा, तुम्ही राणीसाहेब!" राणीसाहेबांच्या मांडीवर तो सबंध उन्हाळा एक ओला टॉवेल, पायाशी पाण्याची सुरई आणि बाजूला पिशवीत फोडायच्या चिंचा असत, हे त्यांना कोण सांगणार?

गाडी सेकंडहँड होती. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी नवी घेतली म्हणून जुनी काढायची होती. आमच्या यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. डॉक्टरीणबाई साड्या पाहायला आल्या, साड्या काही पसंत पडल्या नाहीत, पण जाता जाता गाडीची गोष्ट निघाली आणि यांनी होकार देऊन टाकला. मी विचारलं, "पाहिली तरी का नीट?" तर म्हणाले, "डॉक्टरची गाडी आहे. डॉक्टर लोक जपतेत." सत्तरनंतरची दोन-चार वर्षं उलटली असतील तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी आमच्या घराण्यात चाक आलं ते एक तर बैलबंडीचं नाही तर सायकलचं. गाडी चालवायला हे शिकले दुकानाचे गठ्ठे पोचवणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून. त्यामुळे साधं देवळात जायचं असलं तरी हे असे दोन्ही हातांनी चाक धरून पुढं वाकून बसत, जणू मागं दहा टन माल आहे. मागं असायची मी.

गाडीला तशी खोड एकच होती. गावात कुठंही न्या, तक्रार नाही. दुकान, स्टेशन, सक्करदऱ्याला माझ्या नणंदेकडे, सगळीकडे गुणी सुनेसारखी जाऊन यायची. पण काटोल नाका सोडून पुढं निघालं, की फेटरीच्या आसपास एकदा खोकायची, दोन हिसके द्यायची आणि बसायची. बसली की बसली. अर्ध्या तासानं पुन्हा चावी फिरवली की काही झालंच नाही अशी सुरू! काटोल रस्ता म्हणजे माझ्या माहेरचा रस्ता. माझ्या मनात यायचं, हिला माझ्या माहेरचंच वावडं आहे की काय?

आता नागपूरचा उन्हाळा, त्यात बॉनेट उघडून रस्त्यात उभी गाडी, म्हणजे जाणारा येणारा प्रत्येक जण डॉक्टर. सायकलवाला उतरायचा, दूधवाला उतरायचा, आणि सगळ्यांचं निदान एकच. "पेट्रोलची वाफ होऊन राहिली भाऊ. पंपावर ओला कपडा ठेवा." इंजिनाला एक छोटा पंप असतो, टाकीतलं पेट्रोल ओढून देणारा. गर्मीत तो तापतो, पेट्रोलची आतल्या आत वाफ होते, आणि गाडी उपाशी मरते. त्यावर ओला कपडा ठेवायचा, हे तेव्हा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एप्रिल-मे महिन्यात कुठल्याही रस्त्यानं जा, दोन-तीन गाड्या तापाच्या पेशंटसारख्या पट्ट्या ठेवून झाडाखाली पडलेल्या दिसायच्याच.

आमचा मिस्त्री दुकानाच्या मागच्याच गल्लीत बसायचा. पन्नाशीचा माणूस, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे बोलायच्या आधी आकाशाकडे पाहून तोंड सांभाळायचा. त्यानं पंपाचा पडदा बदलला, कार्बोरेटर साफ केला, प्लग घासले, टाकी धुतली. दर वेळी हे सकाळी गाडी घेऊन जात, आणि दर वेळी मिस्त्री एक फेरी मारून येऊन म्हणे, "फस्ट क्लास आहे भाऊ."

ओल्या कपड्याचं खातं माझ्याकडे कसं आलं, तेही सांगते. पहिल्याच खेपेला गाडी बसली तेव्हा हे रस्त्यावर जमलेल्या मंडळींशी चर्चा करण्यात गुंतले होते. तिथूनच मला म्हणाले, "अवं, तू तेवढा पंपावर कपडा ठेव ना!" पंप म्हणजे कोणता, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर चारचौघांत म्हणाले असते, "तुले इतकंही समजत नाही का?" मी डोकावून पाहिलं. एका बाजूला वरतीच, हाताशी येईल असा एक उभा गोल पत्र्याचा डबा होता, डोक्यातून जाड वायर निघालेली. हात लावला तर चटका बसला. म्हटलं हाच पंप, तापलाय बिचारा. टॉवेल घट्ट पिळला आणि त्याच्याभोवती गुंडाळला. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली.

पुढच्या खेपेला कपडा यांनी ठेवला. त्या दिवशी बराच वेळ लागला. तिसऱ्या खेपेला पुन्हा मी, तर गाडी लवकर उठली. यांनी जाहीर करून टाकलं, की आमच्या हिच्या हाताले गुण आहे. दुकानात गिऱ्हाइकांनाही सांगत. मीही खोटं कशाला सांगू, मान डोलवायची. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर नवरा चारचौघांत तुमच्या हाताचं कौतुक करतो, मग ते गरम पत्र्याला कपडा बांधण्याचं का असेना!

आणि थांबल्या वेळात करायचं काय, म्हणून मी चिंचा बरोबर ठेवायला लागले. वर्षाची चिंच फोडून, चिंचोके काढून ठेवायचे ते दिवस. झाडाखाली बसायचं, फोडायची, डब्यात टाकायची. गाडीमुळे त्या वर्षी माझी चिंच सगळ्या गल्लीत सगळ्यांच्या आधी झाली.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग बाबांच्या डोळ्याचं निघालं.

माझे बाबा नरखेड तालुक्यातले, संत्र्याचा बगीचा असलेले. एक डोळा फार वर्षांपूर्वी संत्र्याच्याच काट्यानं गेलेला. राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आठवडाभर पाठीवर पडून राहिले, मग आमच्या घरी आले, डोळ्यावर पट्टी बांधून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. महिनाभर हिसका बसता कामा नये, खाली वाकायचं नाही, कुणाचा धक्का लागायला नको. टाके आहेत. ते उसवले तर हा एकच डोळा आहे, दुसरी संधी नाही.

आणि बाबांचं एकच. "मले घरी पोचवून दे." विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, झाडांवर फळ धरलेलं, कोणत्या ओळीला कधी पाणी सोडायचं ते गड्यांना समजत नाही, आणि माझी माय तिथं एकटी. मी म्हणायची, "बाबा, डोळ्यावर पट्टी आहे, तिथं जाऊन तुम्ही पाहणार काय?" तर म्हणत, "पाणी पाहा लागत नाही वं. ऐकू येते." रेल्वे नरखेडपर्यंत जाते, पण स्टेशनापासून गावापर्यंत बैलबंडी, म्हणजे हिसके मोजत जायचं. एसटीचं तर नावच नको. डॉक्टर म्हणाले, मोटारीनं हळूहळू नेणार असाल तर न्या. हे छाती पुढं काढून म्हणाले, "घरची गाडी आहे, डॉक्टरसाहेब."

रविवारी सकाळी उशा लावून बाबांना मागं बसवलं. मी शेजारी, हात धरून. निघायला मात्र उशीर झाला, ऊन चढलं. फेटरी आली. गाडी खोकली. पहिला हिसका बसला तसं मी बाबांचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरलं. दुसरा हिसका. गाडी बसली. मी कपडा ठेवायला उतरेपर्यंत रस्त्यावरची चार माणसं, "धक्का देतो ना भाऊ, आत्ता चालू होते," म्हणत मागून हात लावूनही मोकळी झाली. मी अशी ओरडले, की ती माणसं आणि त्यांच्यासोबत हेसुद्धा दोन पावलं मागं सरकले. शेवटी गाडी थंड करून, वळवून घरी आणली.

घरी आल्यावर बाबा खाटेवर बसून शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, तुमची गाडी माझ्याहून म्हातारी आहे. तिले आराम करू द्या. मी गुरुवारच्या एसटीनं जातो."

हे म्हणाले, "बाबा, तिची तब्येत एवढ्यात सुधरते."

"माझी सुधरलेली आहे ना, ती नका बिघडवू."

ते बोलल्याप्रमाणे करणारे होते. कोणाला न सांगता पट्टी बांधलेल्या डोळ्यानं भिंत धरधरत स्टँडवर जातील, असा माणूस. माझा त्या रात्रभर डोळा लागला नाही, आणि सोमवारी सकाळी मी स्वतः यांच्यासोबत मिस्त्रीकडे गेले. तोवर मी त्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, चावी फिरवली, आकाशाकडे पाहिलं. "फस्ट क्लास आहे वहिनी."

मी म्हटलं, "दादा, तुम्ही हिला नेहमी झोपेतून उठल्या उठल्या पाहता. तेव्हा तर सगळेच चांगले असतात. दुपारी दीड वाजता पाहा, मग बोला."

"दीड वाजता मी जेवून राहतो."

"डबा माझ्याकडचा. फेटरीला जेवा."

हे मध्येच म्हणाले, "काहून त्यांना उन्हात नेते वं?" मिस्त्रीच हसून म्हणाला, "चला भाऊ. डब्यात काय आहे ते तरी पाहू."

मंगळवारी, ऊन डोक्यावर असताना निघालो. हे चालवायला, बाजूला मिस्त्री, मागं मी. आणि खरंच सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, की गाडी बंद पडू दे. देवानं ऐकलं. फेटरीला ती नेमानं खोकली आणि बसली.

मिस्त्रीनं खाली उतरून पंपाची नळी सोडली आणि यांना चावी फिरवायला लावली. पेट्रोल भळाभळा आलं. त्यानं खर्रा थुंकला. दोन दिवसांत त्याला खर्रा थुंकताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "भाऊ, पेट्रोल त भरपूर येऊन राहिलं. वाफ-बिफ काही नाही."

ते दोघं तिकडे नळी लावत होते, तोवर मी आपलं नेहमीचं काम हाती घेतलं. टॉवेल भिजवला, पिळला आणि डब्याला गुंडाळायला लागले.

"वहिनी! काय करून राहिल्या?"

"पंपावर कपडा ठेवते."

मिस्त्री माझ्याकडे पाहतच राहिला. मग यांच्याकडे. मग जो हसायला लागला, ते बॉनेटचा कठडा धरून. "भाऊ, वहिनी ह्याले पंप म्हणून राहिल्या!"

हे कपाळावर हात मारून म्हणाले, "अवं, पंप खाली आहे, त्या बाजूला! ही कॉइल आहे! इतके महिने तू कॉइलले पट्ट्या घालत होती?"

"तुम्हीच म्हणत होता ना, माझ्या हाताला गुण आहे."

"चालू गाडीत ओला हात लागला असता त," मिस्त्री डोळे पुसत म्हणाला, "आमची वहिनी डायरेक फटाका!"

दोघंही हसत होते आणि माझ्या कानशिलांना उन्हाहून जास्त गरम लागत होतं. पण हसता हसता मिस्त्री एकदम थांबला. डोकं तिरकं करून त्यानं विचारलं, "वहिनी, एक सांगा. भाऊनं कपडा ठेवला त गाडी किती वेळानं उठते? आणि तुम्ही ठेवला त?"

आता घड्याळ माझ्याकडे कुठलं! पण मी पिशवीतला पितळी डबा काढून दाखवला. "यांनी ठेवला की एवढा डबा चिंचेनं काठोकाठ भरतो. मी ठेवला की नुसता तळ झाकतो."

"नेहमी?"

"नेहमी. चिंच कमी फोडून झाली की मला हळहळच वाटायची."

मिस्त्रीनं माझा टॉवेल हळूच काढून बाजूला ठेवला. ठिणगीसाठी करंटचा जोर वाढवणारा डबा म्हणजे कॉइल; त्यानं तिला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. मग तिच्या डोक्यातली जाड वायर डेल्कोकडून उपटली. डेल्को म्हणजे सगळ्या प्लगना पाळीपाळीनं करंट वाटून देणारी टोपी. त्या वायरचं टोक लाकडाच्या चिमट्यात धरून त्यानं इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं. "मारा सेल्फ." यांनी सेल्फ मारला. इंजिन कण्हत फिरलं, पण वायरच्या टोकाशी काही नाही. फार तर एक पिवळट ठिणगी, विझत्या उदबत्तीसारखी.

"आता तुमचं औषध द्या वहिनी."

मी कपडा गुंडाळला. मिस्त्री झाडाखाली बसून जेवला. भरल्या वांग्यांची तारीफ केली त्यानं. त्याचं जेवण होईतो दोनदा टॉवेल बदलून झाला. मग कोरड्या कपड्यानं सगळं स्वच्छ पुसून त्यानं पुन्हा वायर लोखंडाजवळ धरली. "मारा." ठक् ठक् ठक् करत अशी निळी, जाड ठिणगी उडाली की मीच मागं सरले.

"कॉइल आहे भाऊ," मिस्त्री म्हणाला. "आतली तार कुठंतरी तुटलेली. थंड असली की टेकते, गरम झाली की सुटते. म्हणून सकाळी फस्ट क्लास. आपण इतके दिवस पोट धुवत होतो, आणि हिचं दुखणं डोक्यात!" थोडं थांबून तो यांना म्हणाला, "आपल्या दोघांहून वहिनीचा कपडा हुशार निघाला."

हे म्हणाले, "चुकूनच ठेवला होता ना पण."

"चुकून का होईना, जागेवर ठेवला होता. आपण दोघं समजून-उमजून भलत्या जागी ठेवत होतो."

बुधवारी नवी कॉइल आली. बदलायचं काम म्हणाल तर एवढंसं. एक पट्टा ढिला करायचा, जुना डबा काढायचा, नवा बसवायचा. त्याला दोन बारक्या वायरी, एक चावीकडून येणारी, एक डेल्कोकडे जाणारी. त्या उलटसुलट व्हायला नकोत, म्हणून मी मिस्त्रीला आमच्या दुकानातल्या कापडाच्या दोन किनारी फाडून दिल्या, एक लाल आणि एक पिवळी, आणि त्यानं त्या वायरींना बांधल्या. जुनी कॉइल हातात घेऊन पाहिली, तर खालच्या कडेनं डांबरासारखं काळं तेल पाझरलेलं. महिनोन्महिने ती बिचारी सांगत होती, आणि आम्ही टाकी धुवत होतो.

हे म्हणाले, "झालं, उद्या सकाळी निघू." मी म्हटलं, "आज दुपारी निघू. रिकामी गाडी घेऊन." गेलो. फेटरी मागं पडली तरी मी डोळे मिटून बसले होते. कळमेश्वरला जाऊन चहा पिऊन परत आलो. सुरईतलं पाणी आम्ही प्यायलो, एवढाच त्याचा उपयोग झाला.

गुरुवारी पहाटे उठले तर बाबा आधीच उठून, पांढरी टोपी घालून खाटेवर बसलेले. हातात पिशवी. एसटीची तयारी. मी म्हटलं, "बाबा, गाडी बरी झाली." ते म्हणाले, "कोण म्हणते? जवाईबापू?"

"नाही. मी म्हणते."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

सबंध रस्ता मी बाबांचं डोकं धरून होते. फेटरी जवळ आली तसा गाडीचा वेग कमी व्हायला लागला आणि मी इंजिनाकडे कान लावला. पण आवाज तर बरोबर होता! पाहते तर आमचे हेच, भीतीनं, ब्रेकवर पाय ठेवून बसलेले. मी म्हटलं, "अहो, ती थांबत नाही आता, तुम्हीच थांबवून राहिले!" बाबा पट्टीच्या आतून हसले. हसताना डोळ्याला हिसका बसेल म्हणून मी त्यांनाही रागावले. गावात पोचलो तेव्हा माय दारात उभी होती. बाबा उतरले, घरात गेले नाहीत, माझ्या खांद्यावर हात ठेवून सरळ बगीच्याच्या बांधापर्यंत आले आणि कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तिसऱ्या ओळीत पाणी फुटून राहिलं. सांग गड्याले." आणि खरंच फुटलेलं होतं.

दीड महिन्यानं पट्टी गेली, टाके गेले, जाड भिंगाचा चष्मा आला. आम्ही गाडी घेऊन भेटायला गेलो तर बाबा अंगणातच होते. चष्म्यामागं त्यांचा डोळा केवढा मोठा दिसत होता! त्यांनी आधी मला पाहिलं, "सुकली वं तू," म्हणाले. मग काठी टेकत गाडीकडे निघाले. ज्या गाडीतून इतकं जपून आले, ती त्यांनी पाहिलेलीच नव्हती. सगळीकडून एक चक्कर मारली. मागच्या दाराशी येऊन थांबले.

"जवाईबापू, हे दार दुसऱ्या गाडीचं आहे."

"नाही बाबा, उन्हानं रंग उतरला असंल."

"उन्हानं एकाच दाराचा उतरते का? हे हिरवं वेगळं, हे हिरवं वेगळं. आणि इथं पुट्टी भरलेली आहे. हे पाहा. धडक बसलेली आहे हिले."

हे वाकून पाहायला लागले. एवढ्या महिन्यांत, दोघांचे मिळून चार धड डोळे असून, आम्हाला ते दिसलं नव्हतं. डॉक्टर लोक जपतेत म्हणणाऱ्या माणसाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला मात्र इतका आनंद झाला की काय सांगू! मी बाबांचा हात धरून त्यांना दुसऱ्या बाजूला घेऊन गेले आणि म्हटलं, "इकडे या बाबा. अजून काय काय दिसते ते सांगा."